उकळलेला कप

आमच्या घरात सर्दीचा मोसम सुरू झाला हे बाबांच्या शिंकेवरून कळायचं. शेतात कापसाची दुसरी वेचणी चालू असायची, सकाळी अंगणातल्या कडब्यावर दव साचलेलं असायचं, आणि बाबा दातून करता करता अशी शिंक द्यायचे की गोठ्यातली कारवड दावं ताणून उभी राहायची. एक झाली की दुसरी, मग तिसरी. आई चुलीपाशी बसून मोजायची आणि म्हणायची, "झालं! आता साऱ्या घराले वाटून राह्यला हा मानूस." आणि बाबा खरोखरच वाटायचे. खांद्यावरचा दुपट्टा नाकाला लावायचे, त्याच दुपट्ट्यानं रेडिओवरची धूळ पुसायचे, त्याच हातानं रेडिओचा कान पिळून बातम्या लावायचे, आणि दुपारी तोच दुपट्टा आमच्यापैकी कोणाच्या तरी उशाला असायचा. आठ दिवसांत घरातलं प्रत्येक नाक गळायला लागे. कोणाला त्याचं काही वाटत नसे. थंडीत तुरीला शेंगा येतात तसं माणसाला पडसं येतं, इतकं ते साधं होतं.

त्या वर्षी मात्र घरात पहिल्यांदाच शिंकेची भीती वाटली. माझी मोठी बहीण, कमलताई, बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचं पहिलं बाळ सासरीच दगावलं होतं, वीस दिवसांचं होऊन. मुलगी होती. थंडीच्याच दिवसांत तिचं नाक चोंदलं, मग छाती घरघरायला लागली, आणि गाडी जुंपून पांढरकवड्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं. त्यानंतरच्या दोन वर्षांत ताईच्या तोंडून मी त्या मुलीचं नाव एकदाही ऐकलं नाही. आता दुसऱ्या खेपेला मुलगा झाला होता. चांगला गुटगुटीत, रडका, मुठी आवळून झोपणारा. त्याचं नाव ठेवायचं होतं, तोवर आम्ही त्याला बारक्या म्हणत होतो. आतल्या खोलीत बाजेखाली शेगडी, शेगडीत ओव्याची धुरी, खिडकीला गोणपाट. स्वयंपाकघरातून डिंकाच्या लाडवांचा वास यायचा आणि त्या लाडवांना हात लावला की आई उलथनं दाखवायची. ताई रात्रंदिवस त्या पोराच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. मी तेव्हा आठवीत होते, आणि मला ते बघवत नसे.

त्याच आठवड्यात आमच्या शाळेत एक नर्सबाई आली. पांढरी साडी, हातात गुंडाळलेला तक्ता. तक्त्यावर एक शिंकणारा माणूस होता आणि त्याच्या नाकातून निघालेले लाल ठिपके दाराच्या कडीवर, नळावर, टॉवेलवर, कपावर जाऊन बसले होते. हे जंतू, ती म्हणाली. दिसत नाहीत, पण वस्तूवरून हाताला लागतात आणि हातावरून नाकातोंडात जातात. पाणी उकळलं की मरतात. बाप्पा, मला तर साक्षात्कारच झाला! कमलताईची पोरगी कशानं गेली ते मला एकटीलाच कळलंय, अशा थाटात मी घरी आले आणि दुसऱ्या दिवसापासून मी घराला सळो की पळो करून सोडलं. सकाळी उठून राखेच्या पाण्यानं दाराच्या कड्या पुसायच्या. सायकलचं हँडल, पाण्याच्या गडव्याचा काठ, रेडिओचा कान, सगळं पुसायचं. आई भाकरी थापताना खोकली की मी ओरडायचे. घरातल्या एकुलत्या एक फणीला मी उकळत्या पाण्यात घातलं आणि तिचे दात वाकडे झाले. बाबांची चुन्याची डबी उकळली, तिचा रंग निघाला आणि चुनाही गेला. बाबा डबी उलटीसुलटी करून बघत म्हणाले, "अवं, या पोट्टीले कोणीतरी सांगा, उद्या मले उकळन हे!" सगळे हसले. ताई तेवढी हसली नाही. तिनं मला जवळ ओढलं आणि म्हणाली, "करू द्या तिले. शालू, तू कर." बस, मग मला कोण अडवणार होतं?

पुढं मी स्वतःच सिस्टर झाले. पस्तीस वर्षं उपकेंद्रांवर काढली, हजारो लोकांना हात धुवायला लावले, लोक मला पाठीमागं साबणबाई म्हणायचे हेही मला माहीत आहे. म्हणा. नर्सबाईनं सांगितलेलं खरंच होतं. आजही माझ्या नातवाला सर्दी झाली तर मी त्याचा टॉवेल वेगळा काढते आणि सुनेशी त्यावरून दोन शब्द होतात. तेव्हा मी जे लिहिते आहे ते, आपले जुने लोक बरोबर आणि जंतूबिंतू थोतांड, अशासाठी नाही. तसं कोणी समजलं तर मला राग येईल.

बारक्याला न्हाऊ घालायला चिंधामाय यायची. गावाच्या खालच्या अंगाला, नाल्यापलीकडं, बौद्ध वस्ती होती, तिथली ही सुईण. गावातली निम्मी पोरं तिच्याच हातावर जन्मलेली. मी, ताई, आणि आता बारक्याही. बाई उंच, काळीसावळी, हाडापेरानं रुंद, आणि बोलणं एकदम तोडून. सकाळी सात-साडेसातला यायची. आधी न्हाणीजवळ कोपरापर्यंत राखेनं हात घासायची, धुवायची, पुन्हा घासायची. मग पाटावर पाय लांब करून बसायची, पोराला नडग्यांवर पालथं घालायची आणि तिळाच्या तेलानं असं रगडायची की बघणाऱ्याच्या अंगात ऊब यावी. पोर भोकांड पसरायचं आणि चिंधामाय त्याच्याहून मोठ्या आवाजात त्याला शिव्या द्यायची, "रड, रड भाड्या, छाती मोकळी होते!" मग ऊन पाणी, टाळूवर तेल, नाकात एकेक थेंब. आज कोणी माझ्यासमोर पोराच्या नाकात तेल घातलं तर मी हात धरीन, पण ते असो. न्हाऊन झाल्यावर पोर असं गाढ झोपायचं की ताई घाबरून पुन्हा नाकाशी बोट धरायची. मग चिंधामाय ताईचं अंग रगडायची, आणि हे सगळं झाल्यावर स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसून कपभर चहा प्यायची. तो चहा देण्याचं काम माझं होतं.

एका सकाळी ती आली तीच नाक ओढत. डोळे लाल, आवाज बसलेला. पदर नाकावरून घट्ट मागं बांधला होता. पोराला रगडताना तोंड भिंतीकडं फिरवून दोनदा शिंकली. मी दारात उभी राहून ते पाहिलं. तक्त्यावरचे ते लाल ठिपके मला दिसायला लागले. घरात सहा कप, पाहुण्यारावळ्यासकट सगळ्यांचे तेच. चिंधामायचा कप त्यात मिसळला, तो ताईला गेला, ताईकडून बारक्याला! काहीतरी करायलाच हवं होतं. मी मागच्या दारानं गोठ्यात गेले, कारण तिथल्या कोनाड्यात मी कधीतरी एक कप पाहिला होता. होता तसाच तो. पांढरा, निळ्या फुलाचा, कान तुटलेला, वर बोटभर धूळ. मी तो राखेनं घासला. पातेल्यात घालून खळखळ उकळला. फडक्याला न लावता वाऱ्यावर सुकवला. इतकं नेटकं काम मी जन्मात केलं नव्हतं. त्यात चहा गाळला आणि चिंधामायपुढं नेऊन ठेवला. आणि म्हणाले, "चिंधामाय, आजपासून हा तुहा कप. यातच चा पेजो. अन् धुऊन तिकडंच गोठ्यात ठेवजो."

तिनं कपाकडं पाहिलं. मग माझ्याकडं पाहिलं. मग परत कपाकडं. मला वाटलं, आता ही म्हणेल, किती हुशार पोरगी. ती म्हणाली, "ठेव तिथी." आई तेव्हा आत ताईला शेक देत होती, तिला यातलं काही ऐकू आलं नाही. मला शाळेला उशीर होत होता, मी वेणी घालायला गेले. परत आले तेव्हा उंबऱ्याशी कोणी नव्हतं. जाताना चिंधामाय नेहमी आत डोकावून "येतो वं बाई" म्हणायची, आणि त्या दिवशी ती न सांगताच गेली होती. मी शाळेत दिवसभर खुशीत होते.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आई म्हणाली, आंग दुखत असन तिचं, आणि आईनंच पोराला न्हाऊ घालायला घेतलं. पण आईचा हात घाबरा. दोन वर्षांपूर्वीचं तिच्या मनातून गेलं नव्हतं, ती पोराला धड धरेनाच. कानात पाणी गेलं, पोर रडून रडून निळं पडलं, ताई बाजेवरून उठून धावली आणि मायलेकींचं भांडण झालं. त्यात ताईची छाती दाटून दगडासारखी झाली. दूध उतरेना, तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिला ताप भरला. पोर भुकेनं किंचाळायचं आणि ताई भिंतीकडं तोंड करून म्हणायची, "हे बी जाते. मले मालूम हाय, हे बी जाते." ते तिचं वाक्य मला अजून नुसतं आठवलं तरी नकोसं होतं. बाबा अंगणात फेऱ्या मारत होते, नाक ओढायचंही विसरले होते.

तिन्हीसांजेला आई धार काढायला गोठ्यात गेली. बराच वेळ चरवीत धारेचा आवाज आला नाही. मग तिनं मला हाक मारली, हळू आवाजात. मी गेले. ती कोनाड्यासमोर उभी होती. कोनाड्यात तो कप होता, स्वच्छ धुतलेला, उपडा घातलेला. शेजारी शेणानं सारवलेल्या भिंतीवर चहाचा ओघळ वाळलेला.

"हा कप कोणं काढला?"

मी सांगितलं. अभिमानानंच सांगायला सुरुवात केली, पण आईचं तोंड बघून शेवट कसाबसा केला. आईनं मला कधी मारलं नव्हतं, तेव्हाही नाही मारलं. ती चरवी घेऊन तिथंच गव्हाणीवर बसली आणि तिनं जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. आजी होती तोवर हा कप चिंधामायचा होता. तिनं घरातली पोरं जन्माला घालायची, न्हाऊ घालायची, बाळंतिणीचं अंग रगडायचं, आणि चहा मात्र या कपात, इथं गोठ्याशी, वरून ओतलेला. मग स्वतः धुवायचा आणि कोनाड्यात उपडा घालायचा. आजीपुढं आईचं काही चाललं नाही. आजी गेली, त्याच्या पंधराव्या दिवशी आईनं चिंधामायला घरातल्या कपात चहा दिला, उंबऱ्याशी बसवून, आणि तो कप स्वतः धुतला. त्यावरून भावकीतल्या दोन बायका वर्षभर आमच्याकडं पाणी प्यायल्या नाहीत. आई म्हणाली, "नऊ वर्सं झाली वं त्या गोष्टीले. तो कप फेकाचं तेवढं राहून गेलं माह्याकडून." आणि मग ती रडली. मी आईला रडताना फार थोड्या वेळा पाहिलं आहे.

"चाल आई, आपन जाऊ तिच्याकडं," मी म्हणाले.

"मी नाई येत. मी आली तं ते माह्या तोंडाकडं पाहून येईन. तू जाय. सकाळी उठून एकटीच जाय."

सकाळी मी गेले. नाला ओलांडून पलीकडं मी तोवर कधीच गेले नव्हते, हेही माझ्या तेव्हाच लक्षात आलं. सारवलेलं अंगण, दारात शेवग्याचं झाड. चिंधामाय चुलीपाशी घोंगडी पांघरून बसली होती, पदर तसाच नाकाला बांधलेला, समोर गवती चहाचा काढा. मी दारातच थबकले.

"चिंधामाय, आईनं बलावलं."

"आईनं बलावलं का तुले धाडलं?"

"धाडलं."

"मंग बस. दूरच बस, सर्दी हाय मले."

मी बसले आणि एका दमात सगळं ओकले. नर्सबाई, तक्ता, लाल ठिपके, ताईची पहिली पोरगी. "तो कप कायचा हाय ते मले मालूम नोतं. देवाशप्पथ. बारक्याले जंतू लागू नोय म्हून उकळला म्या. लय येळ उकळला."

ती ऐकत होती. मधे एकदा शिंकली, तोंड फिरवून. मग म्हणाली, "बिमारी हाताहातानं जाते, हे तुह्या नर्सबाईच्या आंधीपासून मालूम हाय मले. म्हून तं हात घासतो. आता मले एक सांग. त्या दिवशी पोरगं कोणाच्या पायावर व्हतं?"

"तुह्या."

"टाळू कोणं भरली? नाकात तेल कोणं घातलं? तोंड कोणं पुसलं त्याचं?"

"तुवं."

"तवा तुले जंतू नाई दिसले? माहे हात चालले, अन् कप तेवढा चालला नाई?"

मी पुढं परीक्षा दिल्या, पदक मिळवलं, कितीतरी ठिकाणी भाषणं केली, पण त्या चुलीपाशी मी जशी उघडी पडले तशी कधीच पडले नाही. खरी जंतूंची भीती असती तर मी तिला म्हणाले असते, चिंधामाय, आज पोराला हात लावू नको, घरी जा, आराम कर. ते मला सुचलंच नाही. तिचे हात आम्हाला हवे होते. आणि बाबा? बाबा तर आठ दिवस सगळ्या घरावर शिंकत होते. त्यांचा कप मी गोठ्यात का नाही नेऊन ठेवला? आजी गेली तेव्हा मी चार वर्षांची होते, तिचं मला काही आठवत नाही. तरी तिचा हिशेब माझ्यात कुठून आला कोण जाणे. नुसता उकळून घेतला होता मी तो.

"मी तं त्या दिवशी तुह्या मायले सांगालेच आलती," चिंधामाय म्हणाली. "का बाई, मले सर्दी भरून राह्यली, आता चार-पाच दिस येत नाई. पोराले कसं धराचं ते आज माह्याकडून समजून घे. चा पेता पेता सांगन म्हटलं. अन् तुवं तो कप आनून ठेवला." तिनं घोंगडी खांद्यावर ओढली. "नऊ वर्सं पाह्यला नोता म्या तो."

मला रडू आलं. "चुकलं माह्यं, चिंधामाय."

मला वाटलं ती म्हणेल, जाऊ दे, लेकरू आहेस. ती म्हणाली, "हाव. चुकलं." आणि काढ्याचा घोट घेतला.

मग तिनं विचारलं, पोरगं कसं आहे. मी ताईच्या तापाचं सांगितलं, त्याबरोबर ती घोंगडी टाकून ताठ झाली. "अन् हे आता सांगतं? एरंडाचं पान गरम करून बांधा छातीले, घट्ट नोको. शेक द्या, अन् पोरगं लावा, घडीघडी लावा, तिनं कितीबी बोंबललं तरी लावा." मग तिनं मला एक गोधडी गुंडाळायला लावली, पाय लांब करून बसायला लावलं आणि लांबूनच शिकवलं. मान कशी धरायची, पालथं कसं घालायचं, कान बोटानं कसा दुमडायचा, पाणी आधी आपल्या मनगटावर कसं बघायचं. चुकलं की लांबूनच लाकूड उगारायची. "अन् हात! कोपरापोत. दोनदा." मी निघाले तेव्हा म्हणाली, "नाक वाहाचं थांबलं का येतो. तवर मले बलावू नोको. अन् तुह्या बापाले पोराच्या खोलीत जाऊ देऊ नोको, मोठा शिंकाड्या हाय तो."

बारक्याला त्या दिवशी मी न्हाऊ घातलं. आई नुसती पाणी ओतायला. तो रडला आणि मग झोपला. दोन दिवसांत ताईचा ताप उतरला, दूध मोकळं झालं. बाबांना आईनं ओसरीवर बसवलं, तिथूनच ते विचारायचे, "झोपला काय माहा नातू?" सहाव्या दिवशी चिंधामाय आली, न्हाणीपाशी जाऊन हात घासले आणि पाटावर बसून म्हणाली, "आना तिकडून त्या भाड्याले." आई दाराआड उभी राहून डोळे पुसत होती. पुढचे दिवस ती रोज आली. सव्वा महिना पुरा झाला तेव्हा आईनं तिला लुगडं दिलं, ते तिनं नेसलं, हक्काचे शेरभर दाणे घेतले, बारक्याचा मुका घेतला.

चहा मात्र घेतला नाही. पहिल्याच दिवशी आईनं चहा केला, घरातले दोन कप, आपला आणि तिचा, एका ताटलीत घेऊन तिच्याशेजारी उंबऱ्यावर बसली. चिंधामाय म्हणाली, "सोडला म्या चा. पित्त होते." तिच्या आवाजात राग नव्हता. आई रोज विचारायची आणि ती रोज तेच सांगायची. पुढं माझ्या चुलत वहिनीच्या दोन बाळंतपणांत आली, सणावाराला आली, आई गेली तेव्हा आली आणि मला पोटाशी धरून बसली. प्रत्येक वेळी, चहा सोडला. आईला ते शेवटपर्यंत खरं वाटत होतं. आई म्हणायची, "बिचारीले पित्ताचा लय तरास."

आई गेल्यानंतरची गोष्ट. मी तेव्हा यवतमाळला ट्रेनिंगला होते, दिवाळीच्या सुटीत घरी येत होते. पांढरकवड्याच्या स्टँडवर उतरले, गावाच्या गाडीला अवकाश होता. समोरच्या हॉटेलात बाकावर चिंधामाय बसली होती. हातात कपबशी. बशीत चहा ओतून, फुंकर घालून, भुरके मारत पीत होती, डोळे अर्धे मिटून, अगदी मन लावून. मी दारातच थांबले. वाटलं, मागं फिरावं, तिनं आपल्याला पाहू नये. तेवढ्यात तिनं पाहिलं. ती दचकली नाही, बशी खाली ठेवली नाही, पित्ताचं काही बोलली नाही. माझ्याकडं बघत तिनं बशीतला उरलेला घोट सावकाश प्यायला, पदरानं ओठ पुसले आणि बाकावर सरकून जागा केली.

"ये बाई, बस," ती म्हणाली. "चा पेतं काय?"